कुलपातली साखर

“आधी सुई, मग ताट. मध्ये काही नाही. मध्ये फोन नाही, पाहुणा नाही, देवसुद्धा नाही. देव थांबतो हो, ही नाही थांबत.”

दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरने इन्सुलिनची सुई टोचायला शिकवताना हे सांगितलं होतं. बाईंच्या पोटाची चिमूट आपल्या दोन बोटांत धरून, भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात. रोज संध्याकाळी ओट्याशी उभं राहून बाई सुई हातात घेत तेव्हा तो आवाज कानात यायचा. आजही आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, थोड्या वेळापूर्वी फोनवरून आलेला: “निघालो. तू सुई घे.”

बाईंनी सुई घेतली. कापसाचा बोळा दाबला, टोपण लावलं. भाजी झाली होती, भात निवत होता. टेबलावर दोन ताटं पालथी घातलेली होती. बाई खुर्चीवर बसल्या आणि जिन्याकडे कान लावून राहिल्या.

त्यांचं सारं आयुष्य असं कान लावण्यातच गेलं होतं. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी नोकरी केली. लोक फोनवर किंचाळत, रडत, शिव्या देत, बाई सगळ्यांना एकाच मऊ आवाजात म्हणत, “जोडून देते हं.” निवृत्त झाल्या तरी इमारतीत त्या ऑपरेटरबाईच राहिल्या. आवाज चढवणं त्यांना कधी जमलंच नाही. राग यायचा, नाही असं नाही. पण तो गळ्याशी येऊन थबकायचा आणि मुकाट्याने माघारी फिरून पोटात जाऊन बसायचा.

यजमान पाणीखात्यात ओव्हरसियर. नोकरी संपली, ओव्हरसियरपण संपलं नाही. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बुद्धिबळाचा अड्डा होता, तिथे रोज संध्याकाळी त्यांची बैठक असे. तिथूनच ते फोन करत. ‘निघालो’ म्हणत तेव्हा ते खरोखरच उठलेले असत. मग कुणीतरी म्हणे, “काय साहेब, हरून चाललात?” आणि साहेब पुन्हा खाली बसत.

इकडे सुई कामाला लागलेली असे. आधी ओठ बधिर व्हायचे. मग मानेवर घाम. मग बोटं थरथरायची. तेव्हा बाई उठत, फळीवरचा साखरेचा डबा काढत आणि एक चमचा कोरडाच तोंडात टाकत. थोड्या वेळाने दुसरा. कधी तिसरा. समोर शेगडीवर झाकलेलं गरम अन्न, आणि बाई उभ्याने साखर खाताहेत. साखर म्हणजे काही जेवण नव्हे, असा त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला होता. जेवायचं नवऱ्याबरोबरच, साखर काय, औषधासारखी.

ओव्हरसियर स्वतः तर रोज म्हणत, “माझ्यासाठी थांबत जाऊ नकोस गं, जेवून घे.” चारचौघांत तर हमखास म्हणत. सुई नव्याने सुरू झाली होती तेव्हा बाई एकदा खरंच जेवल्या होत्या. साहेब आले. टेबलावर एकच ताट पाहून म्हणाले, “वा, छान केलंस.” मग उभ्याउभ्या चार घास खाल्ले, ‘भूक नाही’ म्हणून हात धुतले आणि कित्येक दिवस घरात मौन पाळलं. ते सुटलं मुलीचा फोन आला तेव्हा. बाईंना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, “तुझी आई आता आपलं आपलं बघते हो. बरं आहे, माणसाने म्हातारपणी तेवढी सवय लावून घ्यावी.”

मुलगी परगावी. तिने आईला समजावलं, “आई, बाबा किती करतात तुझ्यासाठी. सुईची वेळसुद्धा तेच लक्षात ठेवतात. कशाला त्यांचं मन दुखवतेस?”

तेव्हापासून बाईंनी तो नेमच धरला. सकाळची जपाची माळ चुकवायची नाही, तसंच हेही चुकवायचं नाही. माळेचं मात्र अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. ओठांवर देवाचं नाव असायचं आणि बोटं मणी असे सटासट ओढायची, की जणू कुणाच्या थोबाडीत बसताहेत. बाई मग मनातल्या मनात देवाची क्षमा मागत आणि माळ पहिल्यापासून धरत. दुसऱ्यांदाही तेच व्हायचं.

जिन्यावर पावलं वाजली.

“अजून जेवली नाहीस?” साहेब दारातूनच म्हणाले. “डाव असा काही रंगला, की उठवेना. तुला कितीदा सांगितलं, थांबू नकोस म्हणून?”

म्हणता म्हणता त्यांची नजर टेबलावर जाऊन आली. दोन्ही ताटं पालथीच आहेत हे पाहून त्यांनी खुर्ची ओढली.

बाईंच्या दातांत अजून साखर कचकचत होती. त्यांनी भात वाढला.

*

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी झाली आणि आकडा भलताच वर गेलेला निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सकाळपासून रोगी तपासून दमलेल्या होत्या. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरची माणसं आत काय चाललंय ते पाहत होती.

“काकू, हे इतकं कसं वाढलं? गोड खाताय का?”

बाईंनी तोंड उघडलं, तोवर ओव्हरसियर खुर्चीत पुढे सरकले होते. दवाखान्यात बोलायचं खातं त्यांच्याकडे असे.

“खरं सांगू का डॉक्टर? चोरून खाते. डब्यातला चमचा रोज ओला असतो. अहो, मी पाणीखात्यातला माणूस. गळती कुठे आहे ते मला वासावरून कळतं.”

डॉक्टरीणबाई हसल्या. बाकावरचे दोघेही हसले.

“काकू, असं कसं चालेल? तुम्ही तर इस्पितळात नोकरी केलेली.”

“नाही, ते मी संध्याकाळी...”

“घरातली सगळी साखर हिच्या रक्तात गेली बघा,” साहेब म्हणाले, “जिभेवर मात्र कणभर आली नाही.”

पुन्हा हशा झाला. त्या हशात बाई म्हणाल्या, “कधी कधी घाम फुटतो हो. हातपाय कापतात.” हे इतक्या हळू, की ते टेबलापलीकडे पोचलंच नाही. साहेबांना तेवढं ऐकू आलं. “उकाडा काय कमी आहे?” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळच्या सुईचा आकडा खोडला आणि मोठा लिहिला. “साखर समोर दिसेल अशी ठेवूच नका घरात.”

“ते माझ्याकडे लागलं,” साहेब म्हणाले.

बाहेर पडताना बाकावरच्या एका म्हाताऱ्याने बाईंना डोळा मारला आणि म्हणाला, “जिलब्या होत्या की पेढे?” म्हणजे तो चांगल्या मनानेच म्हणाला असेल. बाईंना मात्र वाटलं, त्याच्या हातातली काठी घेऊन त्या बाकावर हाणावी, बाक मोडेपर्यंत. त्यांनी मान खाली घातली आणि चप्पल शोधली.

घरी येताच साहेबांनी साखरेचा डबा लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट उघडलं, आपल्या चहात साखर घातली, डबा आत ठेवला, कुलूप ओढून पाहिलं. मग चहा ढवळत बसले. चमचा कपावर वाजत राहिला. बाई समोर बिनसाखरेचा चहा घेऊन बसल्या होत्या.

“तुझ्याच भल्यासाठी आहे,” साहेब म्हणाले. “असं तोंड करून बघू नकोस.”

“अहो, मी चोरून खात नाही,” बाई म्हणाल्या. “सुई घेतली की खावं लागतं. तुम्हाला उशीर होतो, मग मला कसंतरी व्हायला लागतं, म्हणून...”

“म्हणजे आता माझ्यावर आलं? मी तुला कधी थांब म्हटलं? सांग, एकदा तरी म्हटलं?”

बाईंनी आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तेवढी हुशारी साहेबांकडे नक्की होती.

*

संध्याकाळी फोन आला. मागे प्यादी पटावर आपटल्याचा आवाज. “निघालो. तू सुई घे.”

“नक्की निघालात?”

“अगं, चपला घातल्या पायात.”

बाईंनी सुई भरली, नव्या आकड्यापर्यंत. टोचली. ताटं मांडली. बसल्या.

या वेळी ओठांपासून सुरुवात झालीच नाही. एकदम गुडघेच गेले. मानेवरून घाम ओघळून पाठीवर आला आणि स्वयंपाकघराच्या भिंती लांब गेल्यासारख्या वाटल्या. बाई उठल्या आणि कपाटाची मूठ धरून ओढली. कुलूप आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी पुन्हा ओढली. मग त्या शेगडीकडे वळल्या. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. एक वाटी भात, बस. उभ्याने खाल्ला असता तर निभावलं असतं. आणि त्यांच्या हाताने झाकण परत ठेवलं. त्यांनी ठेवलं नाही, हातानेच ठेवलं. इतक्या वर्षांची त्याला सवय. आपल्याच हाताकडे पाहून बाईंच्या अंगाचा असा भडका उडाला, की त्या थरथरीतही तो वेगळा कळला.

भिंत धरून धरून त्या समोरच्या दाराशी गेल्या.

समोर आक्का राहत. बाईंपेक्षा मोठ्या, एकट्या, शिवणकाम करणाऱ्या. दिवसभर मशीन चालायचं, आणि मशीन थांबलं की जीभ. दार उघडलं तेव्हा त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या.

“आक्का, थोडी साखर द्याल?” बाई म्हणाल्या. शब्द जाडेभरडे आले.

आक्कांनी एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, टाचण्या काढून हातात घेतल्या आणि बाईंना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. पाण्यात साखर कालवून पेला त्यांच्या ओठांना लावला. बाईंचे दात पेल्यावर वाजले. आक्का पेला धरून उभ्या राहिल्या, बाईंच्या तोंडावर रंग येईपर्यंत.

मग म्हणाल्या, “जेवलीस?”

“हे यायचेत.”

“स्वयंपाक?”

“झालाय. शेगडीवर आहे.”

“म्हणजे घरात शिजवलेलं अन्न ठेवून तू माझ्या दारात साखर मागायला आलीस. कमाल आहे तुझी.”

“नेम आहे माझा,” बाई म्हणाल्या.

“नेम मीही करते. आठवड्याचा उपास आहे, पहाटेचं स्तोत्र आहे. सगळे देवाशी केलेत. आणि मी एकटीने ताट घेतलं म्हणून देव आजवर तोंड फुगवून बसलेला मला दिसलेला नाही.”

बाईंना हसू आलं आणि ते अर्ध्यात मोडलं. आक्कांनी स्वतःच्या घरातलं ताट वाढून पुढ्यात आणलं. “खा. आधी खा, मग रड.”

बाई जेवल्या. रडल्या नाहीत. घास असे चावत होत्या, की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी चावून संपवलं असतं. खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं. ‘निघालो’, चमचा, दवाखाना, बाकावरची माणसं, कपाट, वाढवलेली सुई. आक्का मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होत्या.

“त्या डॉक्टरणीला हे ठाऊक आहे?”

“तिला यांनी सांगितलं, चोरून खाते म्हणून.”

“मग ती आणखी वाढवेल सुई. आणि हा आणखी एक कुलूप आणेल. माझ्या दारापर्यंत आज पोचलीस, रोज पोचशील?” आक्कांचा आवाज चिरला. त्यांनी तो लगेच खाकरून नीट केला. “उद्या सकाळी जा आणि सांग तिला. एकटी जा. त्याला नेऊ नकोस, तो तुझ्या तोंडातलं वाक्य काढून स्वतःचं घालतो. शब्द दे मला.”

“जाईन.”

“जाईन नाही. शब्द दे. या अन्नाला हात लावून दे.”

बाईंनी ताटाच्या कडेला उष्टी बोटं टेकली. “दिला.”

*

घरी साहेब आलेले होते. हात धुऊन टेबलाशी बसलेले.

“दार उघडं टाकून कुठे गेली होतीस? वाढ पटकन. पोटात कावळे ओरडताहेत.”

“वाढते. मी जेवले.”

साहेबांचा ताट सुलटं करायला गेलेला हात तिथेच राहिला. “कुठे जेवलीस?”

“आक्कांकडे.”

“शेजारी. वा. म्हणजे आता इमारतभर बोभाटा. नवरा उपाशी ठेवतो म्हणून.”

“कपाट उघडा,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“कपाट उघडा आणि डबा फळीवर ठेवा. होता तिथे.”

“डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय...”

“तुम्ही त्यांना जे सांगितलंत त्यावरून त्यांनी सांगितलं. तुम्ही ‘निघालो, सुई घे’ म्हणता. मी घेते. आत गेलेली सुई बाहेर काढता येत नाही. तुम्ही मात्र पुन्हा डावाला बसता. मी इथे कापत असते. आज मी या कपाटाची मूठ धरून मेले असते. आणि तुम्ही वाचनालयात जाऊन सांगितलं असतं, चोरून साखर खायची हो.”

“ओरडतेस कशाला?” साहेब म्हणाले.

बाई ओरडल्या नव्हत्या. आवाज तोच होता, मऊ, एकसुरी, आयुष्यभर लोकांनी ऐकलेला. तरी साहेबांनी उठून जिन्याकडचं दार लावून घेतलं.

“मी तुला कधी थांब म्हटलं नाही,” दाराकडे तोंड करूनच ते म्हणाले.

“तोंडाने नाही म्हटलंत.”

मग साहेबांनी ताट पुढे सरकवलं. “मला भूक नाही.”

हे बाईंना पाठ होतं. आता मनधरणी करायची. ‘दोन घास तरी घ्या’ म्हणायचं. मग ते नको नको म्हणत चार घास खातील, आणि आपण आधी जेवल्याची चूक पुढचे कित्येक दिवस घरभर वावरेल. बाईंचे ओठ सवयीने हलले. त्यांनी ते मिटले.

“बरं,” म्हणाल्या, आणि भाजी झाकून ठेवली.

साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. बहुधा पुढचं वाक्य यायची वाट पाहत असावेत. बाईंनी पातेली आवरली, ओटा पुसला, आपलं पालथं ताट मांडणीत लावलं आणि दिवा साहेबांसाठी तसाच ठेवून झोपायला गेल्या. मागून खुर्ची एकदा करकरली. मग पातेल्याचं झाकण, अगदी हळू, चोरट्यासारखं. बाईंनी ते ऐकलं. दया यायला हवी होती, ती आली नाही.

*

सकाळी साहेब पेपर घेऊन बसले होते. कपाटाला कुलूप तसंच होतं. त्या हट्टापायी त्यांचा स्वतःचा चहाही बिनसाखरेचा झाला होता आणि ते तो औषधासारखा गिळत होते. बाईंनी माळ केली. बोटं आज सावकाश चालली. मग सुई घेतली, ताट घेतलं आणि टेबलाशी बसून, साहेबांच्या समोर, पोटभर खाल्लं. पेपरचं पान उलटलं नाही.

ताट धुऊन त्यांनी बाहेरचे कपडे घातले, पिशवीत पाण्याची बाटली आणि खायला थोडं बांधून घेतलं.

“कुठे?” पेपरमागून आलं.

“दवाखान्यात.”

पेपर खाली आला. “आज कुठे जायचं होतं?”

“मला जायचंय.”

“मग सांगायचं नाही का आधी? थांब, मी येतो. तुला तिथे नीट सांगता येत नाही. नको ते बोलून बसशील.” साहेब उठले, चष्मा चाचपला, खोलीत गेले. “माझा तो चौकड्यांचा शर्ट कुठे ठेवलास?”

शर्ट दोरीवर वाळत होता. बाईंनी सांगितलं नाही. चपला घातल्या, दार अलगद ओढून घेतलं आणि कठड्याला हात लावून जिना उतरू लागल्या. आक्कांच्या दाराआड मशीन चालू होतं. वरून हाक आली, मग आणखी एक, आणि कपाटांची दारं उघडल्याचे, लावल्याचे आवाज.

रस्त्यावर सकाळची वर्दळ होती. बाई कडेकडेने चालू लागल्या. ओठ हलत होते. समोरून येणाऱ्याला वाटलं असतं जप चालला आहे. त्या पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होत्या, दर वेळी थोड्या मोठ्या आवाजात.